शेजारचा लाइनमन

वेंडेल,

आधी माझा मूर्खपणा कबूल करते. तू तो पोटात ठेवलास, बायकोलासुद्धा सांगितला नाहीस, म्हणून आता मलाच सांगायला हवा. तू पहिल्यांदा आमच्या घरात पाऊल टाकलंस ते मी तुला गेलेली लाइट आणायला बोलावलं म्हणून.

दोन हजार दोनचा उन्हाळा. माझ्या लेकीच्या, मंजिरीच्या बाळंतपणासाठी मी टेक्ससमधल्या प्लेनोला आले होते. जेवताना आमचे जावई प्रसादराव म्हणाले, "आई, शेजारी ते दरवाजाएवढे गृहस्थ दिसतात ना, ते रिटायर्ड लाइनमन आहेत. प्रोफेशनल. एकेकाळी फेमस होते."

आता जन्म सांगलीत काढलेल्या बाईच्या डोळ्यांपुढे लाइनमन म्हटल्यावर काय येणार? वीज मंडळाचा माणूस. कमरेला पक्कड, खांद्यावर शिडी आणि चेहऱ्यावर मंत्र्याच्याही नसेल असा भाव. फेमस म्हणाल तर आमच्याकडेही लाइनमन फेमसच असतो. वादळ झालं की अख्खी गल्ली देवाच्या आधी त्याचं नाव घेते. मी मनात म्हटलं, अमेरिका असली म्हणून काय झालं, लाइनमनला धरून राहिलेलं बरं. दुसऱ्याच दिवशी बेसनाचे लाडू घेऊन तुझ्या दारात हजर. मंजिरीला वाटलं, आई किती सोशल झाली! तिला काय माहीत, आई लाच द्यायला गेली होती.

शंका एकच होती. हा माणूस खांबावर चढत कसा असेल? आणि चढला तर खांब उभा राहत असेल का?

मग एका दुपारी मी मायक्रोवेव्ह, राइस कुकर आणि इस्त्री एकदम लावली आणि घरातलं सगळं बंद पडलं. मंजिरी दमून झोपलेली, तान्ही सई पाळण्यात कुरकुरतेय, प्रसादराव ऑफिसात. मी तडक तुझ्याकडे आले आणि शाळेतलं सगळं इंग्रजी पणाला लावून म्हटलं, "लाइट गॉन. यू लाइनमन. कम." तू दोन क्षण माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "येस मॅम," आणि आलास. गॅरेजच्या भिंतीतलं ते पत्र्याचं छोटं दार उघडलंस, एक खटका दाबलास आणि घर जागं झालं. मी तुझ्या दंडावर थोपटून म्हटलं, "व्हेरी गुड लाइनमन." दंड कसला, तुळईच ती. तू मान झुकवलीस. बक्षिसाचा लाडू घेतलास आणि गेलास.

पुढे कितीतरी दिवस तू मला खरं सांगितलंच नाहीस. थंडीत एका रविवारी टीव्हीवर कुठल्याशा जुन्या सामन्याची चित्रं दाखवत होते, तेव्हा प्रसादराव ओरडले, "आई, या लवकर! हे बघा आपले वेंडेल!" शिरस्त्राण घातलेला, चिखलानं माखलेला, तरणाबांड तू. मी म्हटलं, "अच्छा, वीज मंडळाची टीम आहे होय! म्हणजे हे स्पोर्ट्‌स कोट्यातून लागले असणार." आमच्याकडे नाही का, रेल्वेची टीम, बँकेची टीम, कबड्डी चांगली खेळला की नोकरी पक्की! प्रसादरावांच्या नाकात वरण गेलं. त्यांचं हसणं ओसरल्यावर मला कळलं की लाइनमन म्हणजे इथल्या फुटबॉलमध्ये पुढच्या रांगेत धडका घेणारा गडी, आणि तू आयुष्यात कुठल्याच खांबावर चढलेला नाहीस.

मी तुला जाब विचारायला आले. "सांगितलं का नाहीस?" तू व्हरांड्यात बसला होतास, दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या. म्हणालास, "आजी, खेळ सोडल्यापासून लोक मला फोटोसाठी बोलावतात. कामासाठी पहिल्यांदा तूच बोलावलंस."

त्या वाक्यावर मला भांडता आलं नाही. तसं पुढे पुष्कळ भांडलो.

भांडायला आपल्याकडे विषय होता. मीही खेळाडू होते, बाबा. हसू नकोस. म्हणजे हसायचं तेव्हा हसलास, आता नको. शाळेत असताना मी हुतूतूच्या संघाची कॅप्टन होते. स्वतःला रणरागिणी समजायचे. गावातून चालताना छाती अशी काढून चालायचे की जणू साऱ्या पेठेनं बाजूला व्हावं. प्रत्यक्षात पोरी मला घोरपड म्हणायच्या, कारण एकदा पकडलं की मी सोडायचे नाही. शिट्टी वाजली तरी, गुण मिळाला तरी, पंचांनी येऊन बोटं सोडवली तरी. एकदा मी अशी जोरदार पकड केली की खाली बघते तो आमच्याच संघातली मुलगी. हे तुला सांगितलं तेव्हा तुझी खुर्ची हसून हसून मागे कलंडली होती आणि तुला उचलायला तुझी बायको लोरेन, प्रसादराव आणि पोस्टमन असे तिघं लागले.

पण वाद खरा होता. तुझ्या खेळात हातानं धरलं की गुन्हा. पंच पिवळं फडकं फेकतो आणि सगळा संघ मागे सरकतो. मी म्हणायचे, "हा काय खेळ आहे? अंगावर धावून येणाऱ्याला धरायचं नाही? मग काय त्याला हळदीकुंकू लावायचं?" तू म्हणायचास, "ढकलायचं, आजी. फक्त ढकलायचं." आमच्यात पकड केली की टाळ्या, तुमच्यात पकड केली की शिक्षा. तू तुझ्या सगळ्या कारकिर्दीतलं एकच फडकं विसरला नव्हतास. मोठा सामना होता, तू समोरच्याच्या सदऱ्याला धरलंस आणि पंचांनी बघितलं. म्हणालास, "वर्षानुवर्षं मी ते काम केलं, आजी, कुणी माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी भोंग्यावर माझा नंबर पुकारला." मी म्हटलं, "धरलंस ते बरं केलंस. मी असते तर चावले असते." हा वाद आपण संपवला नाही. तू मेलास तरी मी माझं म्हणणं सोडणार नाही. घोरपड आहे मी.

तुझं काम काय होतं हे मला नीट कळलं ते तू एकदा आमच्या ओट्यासमोर वाकून दाखवलंस तेव्हा. एक हात जमिनीवर, मान वर, आणि माझ्या फ्रीजकडे असा बघत होतास की मला फ्रीजची दया आली. म्हणालास, चेंडू तुझ्या हातात कधी यायचाच नाही. ज्याच्यासाठी मार खायचास तो तुझ्या पाठीमागे उभा, त्याचं तोंडही दिसायचं नाही. लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं की चेंडू गेला, आपलं काम झालं. मग उठायचं आणि पुन्हा वाकायचं. पाठीमागचा तो माणूस पुढे गाड्यांच्या जाहिरातीत हसताना दिसायचा. तुला त्याचा राग नव्हता. मला होता. आमच्या घरी लग्नात पंगत उठेपर्यंत स्वयंपाकघराबाहेर न आलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांचाच एक भाऊ टेक्ससमध्ये राहतो असं मला वाटायचं.

हे गेल्यावर मी सांगलीचं घर बंद करून कायमची इकडे आले. आणि मला कळलं की प्लेनोत ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस म्हणजे सामान. कुणीतरी उचलून नेईल तेव्हा हलायचं. मंजिरी आणि प्रसादराव दिवसभर ऑफिसात. रस्ते असे रुंद की पलीकडे जायचं तर व्हिसा लागेल. तेव्हा तू तुझा तो काळा ट्रक घेऊन दारात उभा राहिलास. मला वर चढता यावं म्हणून प्लॅस्टिकचं एक स्टूल त्यात कायमचं ठेवलंस. भारतीय दुकान, देऊळ, लायब्ररी. देवळात तू चपला काढून बसायचास आणि पुजारी तुला प्रसाद देताना आधी तुझ्याकडे बघायचे, मग ताटाकडे. दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना मी मागून ओरडायचे, "अरे वेंधळ्या, ती पिवळी पडलीये!"

वेंधळ्या. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर जिभेवर आलं की पुढचं आपोआप यायचं, मी काय करू? तू अर्थ विचारलास. मी म्हटलं, "ज्याचा चष्मा डोक्यावर असतो आणि जो तो घरभर शोधतो, तो वेंधळा." तुला तो शब्द इतका आवडला की फोनवर मित्रांना सांगत होतास, माझ्या शेजारच्या आजीनं माझं नाव इंडियनमध्ये ठेवलंय.

तेव्हा आपण दोघंही हसत होतो. चष्मा खरोखर हरवायला लागला तेव्हाही हसलो. मग एकदा आपण देवळाकडे निघालो होतो. सई मागे तिच्या खुर्चीत झोपलेली. आपला एक्झिट गेला. पुढचाही गेला. मी काही बोलले नाही, वाटलं तुला काही काम असेल. हायवे संपेना. शेवटी तू एका पेट्रोल पंपावर ट्रक थांबवलास, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिलास आणि अगदी हळू विचारलंस, "आजी, आपण कुठे चाललो होतो?"

मी चेष्टा केली. "माझ्या सासरी," म्हटलं. तू हसलास. पण स्टिअरिंग सोडलं नाहीस.

लोरेनला सगळं माहीत होतं. ती शाळेची बस चालवायची. रस्त्यावर काय होऊ शकतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. गाडीच्या किल्ल्यांवरून तुमची रोज वादावादी. तिचा आवाज आमच्या परसापर्यंत यायचा, "कुणाचं तरी पोर मारशील, वेंडेल!" आणि तुझा यायचाच नाही.

त्या पंपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहाला आलास आणि मला तो सौदा सांगितलास. म्हणालास, "आजी, डॉक्टर मला विचारतात, आज वार कोणता, प्रेसिडेंट कोण. मी घरून पाठ करून जातो. आम्ही लाइनमन लोक, डावांचं अख्खं पुस्तक पाठ असल्याशिवाय आम्हाला मैदानात सोडत नाहीत. परीक्षा कशी मारायची हे मला कळतं. लोरेनला मी फसवतो. स्वतःलाही फसवतो. पण तुझी भाषा माझ्या घरात कुणाला येत नाही. तू मला रोज एक शब्द शिकव आणि दुसऱ्या दिवशी विचार. ज्या दिवशी मला जमणार नाही, त्या दिवशी तू सांगायचं. तिला नाही, मला. तू तोंडावर सांगतेस. मग मी किल्ल्या देईन."

मी म्हटलं, "आणि नाही दिल्यास तर?"

"तर माझ्या दंडाला चाव."

मग आपली शाळा सुरू झाली. मी शाळेत मराठीच शिकवायचे, पण एवढा मोठा विद्यार्थी कधी मिळाला नव्हता. ओट्यावर जे हाताला येईल ते मी उचलायचे. लाटणं, गाळणं, किसणी, झारा. पोळपाटातल्या 'ळ'वर तू पुन्हा पुन्हा आपटलास. तुझ्या तोंडून तो 'पोरपार' व्हायचा आणि मी ओट्याला धरून हसायचे. चुकलास की मी हसायचे, बरोबर आलं की पोळी. पोळ्या मोजायच्या नाहीत असं आमची आई सांगायची, म्हणून तू किती खाल्ल्यास हे मला माहीत नाही; मंजिरी मात्र कणकेच्या पिशव्या बघून डोळे मोठे करायची. क्रियापदं तू स्वतः मागून घेतलीस. म्हणालास, मला दोन पुरेत, थांब आणि ढकल.

तुझा सगळ्यांत लाडका शब्द सांडशी. पातेलं दोन्ही बाजूंनी घट्ट धरते म्हटल्यावर तुझे डोळे चमकले. "सांडशी! पिवळं फडकं!" घरात शिरताना तू दारातूनच तो ओरडायचास. सईनं बोलायला सुरुवात केली तेव्हा तुझं नावच सांडशीकाका झालं.

वर्षभर तू एकदाही नापास झाला नाहीस. आता खरं सांगू? मला त्या शाळेची भीती वाटायची. तू नापास झालास तर ट्रक बंद होणार होता, आणि ट्रक बंद म्हणजे मी पुन्हा सामान. म्हातारी माणसं किती स्वार्थी असतात ते म्हातारं झाल्याशिवाय कळत नाही. तरुणपणी मला वाटायचं, मी म्हातारी झाल्यावर समईसारखी शांत आणि उदार होईन. कसली समई! देवळाच्या फेऱ्यांसाठी एका माणसाची परीक्षा सोपी करायला निघालेली बाई. अवघड शब्द मी हळूहळू गाळायला लागले होते. पातेलं, पाणी, चहा. तुझ्या ते लक्षात आलं असेल का?

मग ती सकाळ. आदल्या दिवशी शिकवलेला शब्द तुला आला नाही, तेव्हा मी म्हटलं, बरं, जुना सांग, आणि सांडशी वर धरली. मुद्दाम. हा तर तू झोपेतही सांगशील.

तू बघत राहिलास. ओट्याची कड तू धरून ठेवली होतीस.  तुझे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग तू म्हणालास, "संडे."

वेंधळ्या, संडे काय, मंडे काय! हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. रोजच्यासारखं. तसंच हसून पुढे म्हणायचं होतं, चल, काढ किल्ल्या. एवढंच काम होतं माझं. तू मला कामासाठी बोलावलं होतंस.

मी म्हटलं, "बरोबर, वेंडेल." आणि चहात साखर घातली.

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. चहा घेतलास. कप स्वतः विसळून ठेवलास. "थँक यू, आजी," म्हणालास आणि गेलास. मी खिडकीतून तुझी पाठ बघत होते. मला वाटलं, तुला पत्ता लागला नाही. मी मास्तरीण, तुला फसवलं.

त्या आठवड्यात लोरेननं सांगितलं की आता वेंडेल ट्रक चालवणार नाही, गुडघे गेले, ब्रेकवर पाय ठरत नाही. मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! देवापुढे साखर ठेवली. माझं काम तुझ्या गुडघ्यांनी केलं. मला सांगावं लागलं नाही, तुला ऐकावं लागलं नाही, आणि रस्त्यावरचं कुणाचं पोरही वाचलं. तेव्हापासून बाजारहाटाला लोरेन मला तिच्या छोट्या गाडीतून न्यायची. तू त्या गाडीत मावायचा नाहीस, म्हणून घरी थांबायचास आणि मी हात हलवायचे.

पण शाळेला तू येत राहिलास. अंगण ओलांडून, काठी टेकत, एकटा. शब्द तुझे असायचे, बरोबर म्हणायचं काम माझं. पोळीला तू टॉवेल म्हणायचास. गाळण्याला मंगळवार. मी म्हणायचे, "अगदी बरोबर." चार वर्षांची सई एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट टॉवेल! दॅट्स पोळी!" मी म्हटलं, "तू गप गं, ही मोठ्या माणसांची मराठी आहे." मग तीही तुला टॉवेल वाढायला लागली. आमच्या घरात अजून पोळीला टॉवेल म्हणतात. परवा प्रसादरावांनी पाहुण्यांसमोर आणखी एक टॉवेल मागितला, आणि मंजिरी उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

शेवटी शेवटी शब्दही गेले. डोकं दुखायचं, घरात काळा चष्मा लावून बसायचास. तुमच्यात म्हणे डोक्याला मार बसला की घंटा वाजली म्हणायचे आणि हसून पुन्हा वाकायचे. मोठे मार नव्हेत, तू म्हणाला होतास, बारके बारके, दर वेळेचे. मी तुला एकदाच विचारलं होतं, बोलता येत होतं तेव्हा, "पुन्हा जन्म मिळाला तर खेळशील?" तू क्षणभरही न थांबता म्हणालास, "उद्यासुद्धा." मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. मूर्ख, मी म्हणाले, अडाणी, रेडा. तू म्हणालास, "आजी, तुझं हाड मोडलं होतं ना त्या हुतूतूत? तू खेळणं सोडलंस?" मी सोडलं होतं. लग्न ठरलं म्हणून. हे मी तुला सांगितलं नाही, कारण मग वाद तू जिंकला असतास. शेवटच्या महिन्यांत तुझ्याजवळ एकच मराठी शब्द उरला होता. मी जायला उठले की म्हणायचास, "थांब." मी थांबायचे. पुन्हा उठायचे. "थांब."

तू झोपेत गेलास. चर्चमध्ये तुझे जुने सोबती आले होते. सगळे तुझ्याच मापाचे, काठ्या घेतलेले. बाकं करकरत होती. त्यांतल्या एकानं माझा हात हातात घेऊन आपलं नाव सांगितलं, मी वेंडेलच्या डावीकडे उभा राहायचो म्हणाला. थोड्या वेळानं तो परत आला, माझा हात हातात घेतला, आपलं नाव सांगितलं, मी वेंडेलच्या डावीकडे उभा राहायचो म्हणाला. मी दोन्ही वेळा म्हटलं, भेटून आनंद झाला.

तुझा मेंदू डॉक्टरांनी तपासायला मागून घेतला, असं लोरेन म्हणाली. तिनं दिला. शहाणी बाई आहे. आपल्या माणसाचं असं काही द्यायचं म्हणजे माझ्या तर काळजाचं पाणी झालं असतं, पण उद्याच्या पोरांना उपयोग होईल म्हणाली. तेव्हापासून माझ्या मनातून एक विचार जात नाही. ते काचेखाली ठेवून बघतील, कुठे काय झिजलंय ते. त्यांना तिथे आमचा ओटा दिसेल का रे? एखाद्या घडीत अडकलेलं गाळणं? तो सांडशी शब्द कुठेतरी असेलच ना, सापडत नव्हता म्हणून काय झालं, जाणार कुठे?

काल लोरेन आली. तेराव्यापर्यंत मी रोज तिला डबा पाठवला, ते सगळे डबे घासून परत आणले. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हे तिला तू सांगितलं होतंस म्हणे. प्रत्येकात काही ना काही होतं. एकात बिस्किटं, एकात परसातले टोमॅटो. ओट्याशी बसली, तुझ्याच जागी. चहा केला. आणि मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. आपला सौदा, रोजचा शब्द, तो संडे, आणि मी बरोबर म्हटलं ते. "तुझ्या नवऱ्यानं माझ्यावर एकच काम सोपवलं होतं," मी म्हटलं, "आणि ते माझ्या हातून झालं नाही, लोरेन. गुडघ्यांनी वेळेवर दगा दिला म्हणून निभावलं. नाहीतर मी त्याला तसंच रस्त्यावर जाऊ दिलं असतं."

तिनं कप खाली ठेवला. "गुडघे?" म्हणाली. "आजी, त्याचे गुडघे तर वीस वर्षं तसेच होते. तुला तसं सांगायला त्यानंच मला सांगितलं होतं." मग माझा हात धरून ती पुढचं बोलली. ती इंग्रजीत बोलली, मराठी माझं आहे. पण त्यात पदरचा एकही शब्द घातलेला नाही.

"त्या दिवशी तुझ्याकडून घरी आला आणि किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मी विचारलं, आजी काही म्हणाली का? तर म्हणाला, 'नाही. आज आजी हसली नाही.'"